लॉकपिकिंग शिकायचंय? पिकच्या आधी टेन्शन पट्टी निवडा

लॉकपिकिंगचा एखादा व्हिडिओ पाहिला नाही असा माणूस आता विरळाच. कुणीतरी कॅमेऱ्यापुढे कुलूप धरतं, दोन बारीक पट्ट्या आत घालतं, आणि अर्ध्या मिनिटात खट्‌ असा आवाज होऊन कुलूप उघडतं. बघणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न येतात: आपल्या दाराचं काय, आणि हे आपल्याला जमेल का? दुसरा प्रश्न पडलेला माणूस हत्यारं शोधायला लागतो आणि तिथेच गोंधळतो. एका पाकिटात पाच पट्ट्या, दुसऱ्यात सतरा, तिसऱ्यात बत्तीस. टोकं वाकडी, गोल, त्रिकोणी, करवतीसारखी, नागमोडी. 'एवढी दिली आहेत म्हणजे सगळीच लागत असणार' असं समजून सगळ्यात मोठा सेट घेतला जातो, आणि त्यातली बरीचशी हत्यारं कायमची पाकिटातच राहतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. शिकायला दोन-तीन पिक पुरतात. खरा विचार करायचा तो टेन्शन पट्टीचा आणि सरावाच्या कुलपांचा. हे दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. कुलपात घालून आतल्या पिना एकेक करून उचलायच्या त्या बारीक हत्याराला पिक म्हणतात. दुसऱ्या हाताने कुलपाला किंचित फिरवता ठेवणारी जी वाकवलेली पट्टी असते ती टेन्शन पट्टी. दोन्ही एकाच वेळी वापरावी लागतात. आता टेन्शन पट्टीला एवढं महत्त्व का, हे कळायला कुलपाच्या आत डोकवावं लागेल.

कुलपाच्या आत काय असतं

छंद म्हणून शिकणारे बहुतेक जण पिन टम्बलर कुलपापासून सुरुवात करतात. चपटी किल्ली, तिच्या एका कडेला दाते, अशी जी आपली नेहमीची किल्ली, ती बहुधा याच कुलपाची. लाकडी पिनांची कुलपं प्राचीन इजिप्तमध्येही होती. पण आज आपण वापरतो ते सुटसुटीत रूप अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनिअर यांचं. त्यांची याबाबतची पेटंट १८६१ आणि १८६५ सालची आहेत. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

कुलपात एक नळीसारखा फिरणारा भाग असतो, त्याला कोर म्हणू. किल्ली जाते ती या कोरमध्ये. कोरभोवती न फिरणारं कवच असतं. कवचातून कोरमध्ये आरपार अशी पाच-सहा भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकात पिनांची जोडी: एक किल्लीला टेकणारी, दुसरी तिच्या पाठीमागची. त्यामागे स्प्रिंग, ती दोघींना आत ढकलत राहते. कुलूप बंद असताना पाठीमागची पिन अर्धी कवचात आणि अर्धी कोरमध्ये असते, त्यामुळे कोर फिरू शकत नाही. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका कोर आणि कवचाच्या सीमारेषेवर येतो. सगळे सांधे त्या रेषेवर आले की अडवायला काही उरत नाही आणि कोर फिरतो.

किल्लीला सगळ्या पिना एकदम योग्य उंचीवर न्याव्या लागतात. पिकने मात्र एका वेळी एकच पिन उचलता येते. हात काढला की स्प्रिंग ती पुन्हा खाली ढकलणार. मग सगळ्या पिना वर राहायच्या कशा?

मग किल्लीशिवाय ते उघडतंच कसं?

याचं उत्तर कारखान्यातल्या बारीकशा चुकीत आहे. भोकं कितीही काळजीपूर्वक पाडली तरी ती तंतोतंत एका ओळीत येत नाहीत. एक केसभर डावीकडे, दुसरं केसभर उजवीकडे. पिनांच्या जाडीतही तसाच सूक्ष्म फरक राहतो.

एकाच दाराला एकाखाली एक अशा पाच कड्या आहेत असं समजा. दार ढकलून धरलं की कडी सरकवताना अडते, हे सगळ्यांच्या हाताला माहीत आहे. पण पाचही कड्यांची भोकं अगदी एका रेषेत नसतात. त्यामुळे दार हलकेच ढकललं तर भोकाच्या कडेला सगळ्यात आधी टेकणारी एकच कडी घट्ट अडते आणि बाकीच्या चार सैल राहतात. अडलेली कडी सोडवली की दार थोडंसं पुढे सरकतं आणि आता दुसरी अडते. तीही सोडवायची. दार मात्र पूर्ण वेळ ढकललेलंच हवं.

कुलपात नेमकं हेच होतं. टेन्शन पट्टीने कोर किंचित फिरवून धरला की एकच पिन कोर आणि कवच यांच्यामध्ये चिमटली जाते. बाकीच्या पिना पिकने ढकलल्या तर स्प्रिंगसारख्या वरखाली होतात, ही एक मात्र कडक लागते. ती हळूहळू उचलली की तिचा सांधा सीमारेषेवर येतो, कोर अगदी थोडासा फिरतो आणि पाठीमागची पिन कोरच्या कडेवर बसून राहते. ती आता खाली येत नाही. मग पुढची अडलेली पिन शोधायची. क्रम पहिली, दुसरी, तिसरी असा नसतो. चौथी आधी अडेल, मग पहिली. भोकांच्या चुका जशा, तसा क्रम.

हत्यारांची सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते. पिना अडवून धरायचं आणि बसलेल्या पिना बसलेल्याच ठेवायचं काम टेन्शन पट्टी करते. कोणती पिन अडली आहे हे पिक शोधते आणि तिला उचलते. पट्टीचा हात चुकला तर जगातली उत्तम पिकही काही करू शकत नाही.

टेन्शन पट्टी: जिच्याकडे कुणी बघत नाही

मोठ्या सेटमध्ये वीस पिक आणि दोन टेन्शन पट्ट्या असतात. खरं तर प्रमाण याच्या उलट असायला हवं.

पट्टी कुलपात दोन जागी बसवता येते. किल्लीच्या फटीची एक बाजू पिनांची, दुसरी पिनांच्या विरुद्ध बाजूची, जिथे किल्लीचा सपाट काठ येतो. पारंपरिक पट्टी या विरुद्ध बाजूला बसते. ती बसवायला सोपी, पण पिक फिरवायला लागणारी जागा खाते. दुसरा प्रकार म्हणजे पिनांच्या बाजूला, फटीच्या अगदी तोंडाशी, पहिल्या पिनच्या अलीकडे बसणारी आखूड आणि जाड पट्टी. तिच्यामुळे खालची सगळी फट पिकसाठी मोकळी राहते. कोणी एकच प्रकार घ्यायचा म्हटलं तर मी हा दुसरा सुचवेन.

पण या दुसऱ्या प्रकारात माप जुळणं फार महत्त्वाचं आहे. फटीची रुंदी प्रत्येक कुलपाची वेगळी. साधारण १ मिलिमीटर जाडीची पट्टी बऱ्याच कुलपांत बसते, काहींना १.२५ मिलिमीटरच्या आसपासची लागते, तर अरुंद फटीला त्याहून बारीक. पट्टी आत सरकवल्यावर ती फटीच्या दोन्ही भिंतींना धरून बसली पाहिजे. बोट काढलं तरी गळून पडत नसेल तर माप बरोबर आहे. सैल पट्टी घसरते, आणि ती घसरली की तोवर बसवलेल्या सगळ्या पिना एकदम खाली येतात. चार पिना बसल्यावर असं झालं की माणूस पिकला दोष देतो आणि नवी पिक मागवतो. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या चार-पाच टेन्शन पट्ट्या घेणं हा पैशांचा उत्तम उपयोग आहे.

काही सेटमध्ये पिळाची पट्टी येते. लांब, चपटी आणि मध्ये एक पीळ दिलेला, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी लवचीक होते. जास्त जोर लागू नये म्हणून ती नवशिक्यांना दिली जाते. मला ती नकोशी वाटते, आणि त्याचं कारण थोडं खोलात सांगायला हवं.

बऱ्या कुलपांत पाठीमागच्या काही पिना सरळ दंडगोल नसतात. त्यांना मधोमध कंबर कोरलेली असते, दोऱ्याच्या रिळासारखी. त्यांना स्पूल पिन म्हणतात. अशी पिन उचलता उचलता तिची कंबर सीमारेषेवर येते. कंबर बारीक असल्याने कोर एकदम काही अंश फिरतो. कुलूप उघडलंच असं वाटतं, पण ते तिथेच थांबतं, कारण पिनचं खालचं डोकं अजून अडकलेलंच आहे. हा खोटा खटका. यातून बाहेर पडायचं तर ती पिन आणखी उचलायला हवी, आणि ती उचलताना कोर उलट दिशेने परत फिरतो. तुमच्या पट्टीवरच्या बोटाला कोर उलटा ढकलत असल्याचं स्पष्ट जाणवतं. अशा वेळी पट्टीवरचा जोर इतकाच सोडायचा की स्पूल पिन निसटावी, पण आधी बसलेल्या पिना पडू नयेत. लॉकपिकिंगमधलं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात आनंदाचं काम हेच. पट्टी ताठ असेल आणि फटीत घट्ट बसली असेल तर ही उलटी हालचाल बोटापर्यंत जशीच्या तशी पोचते. पिळाची पट्टी ती वाटेतच गिळून टाकते.

जोर किती द्यायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. पट्टीवर ठेवलेल्या बोटाच्या नखाकडे पाहा. नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडायला लागला तर जोर जास्त झाला. पुन्हा त्या दाराकडे या: खांदा लावून दार रेटलं तर सगळ्याच कड्या एकदम जाम होतात, आणि आधी कोणती अडली होती हे कळायचा मार्गच राहत नाही. याला थोडा अपवाद काही टांगत्या कुलपांचा. त्यांच्या कोरला मागे स्प्रिंग असते, ती कोरला सतत जागेवर परत आणत असते. त्या स्प्रिंगवर मात करण्यापुरता जास्त जोर तिथे लागतोच.

पिक: कोणत्या घ्यायच्या

पहिली, आणि हक्काची, आखूड हुक. सरळ दांडा आणि टोकाला थोडंसं वर वळलेलं नाक. एकेक पिन निवडून उचलायला हिच्याएवढं सोयीचं काही नाही. दुसरी मध्यम हुक, जिचं नाक थोडं उंच. किल्लीचे दाते खोल-उथळ असे मिसळलेले असतील तर उंच पिनच्या मागे दडलेली पिन गाठायला ती लागते. तिसरी रेक.

रेक म्हणजे नागमोडी किंवा दोन-तीन उंचवट्यांची पिक. ती आत घालून पुढेमागे हलवायची, एकदम अनेक पिनांना धक्के बसतात आणि त्यातल्या काही नशिबाने बसतात. तीन उंचवट्यांची बोगोटा नावाची रेक यात विशेष लोकप्रिय आहे. तिची धार गुळगुळीत असेल तर साधी कुलपं ती खरोखरच पटकन उघडते.

अर्धत्रिकोणी टोकाची पिक जवळपास प्रत्येक सेटमध्ये असते. ती वाईट नाही, पण हुकने होत नाही असं तिच्याने फारसं काही होत नाही. टोकाला गोळी असलेल्या पिक प्रामुख्याने जुन्या, पातळ पत्र्यासारख्या अडसरांच्या कुलपांसाठी असतात. पिनच्या कुलपात त्या घसरतात. सेटमधल्या उरलेल्या हत्यारांपैकी बरीच एकमेकांची किंचित बदललेली भावंडं असतात.

"रेकने लगेच उघडतंय, मग हुकचा खटाटोप कशाला?"

फक्त उघडणं हाच हेतू असेल तर प्रश्न बरोबर आहे. पण रेकने कुलूप उघडलं तेव्हा आत काय झालं हे तुम्हाला सांगता येत नाही. कोणती पिन आधी अडली, स्पूल किती होत्या, काहीच कळत नाही. कुलूप थोडं बरं मिळालं की रेक थांबते आणि शिकणाराही तिथेच थांबतो. रेक एक ठेवावी; पट्टीवर हलका हात कसा ठेवायचा हे शिकायला ती चांगली आहे. दिवसाचा सराव मात्र हुकचा.

पोलाद, जाडी आणि मूठ

पिकची जाडी मिलिमीटरच्या किंवा इंचाच्या अंशात सांगितलेली असते. ०.६ मिलिमीटरच्या आसपासची जाडी ही नेहमीची. ती मजबूत असते आणि रुंद फटीच्या कुलपांत आरामात फिरते. अरुंद, नागमोडी फटीच्या कुलपांसाठी, जशी युरोपात बरीच दिसतात, ०.४ मिलिमीटरच्या जवळची पातळ पिक लागते. नवशिक्याने पातळ पिकपासून सुरुवात करू नये. हात अजून जड असतो; पातळ दांडा वाकतो, आणि पिन अडली आहे की पिकच वाकते आहे हे ओळखता येत नाही.

पोलादाची नावं जाहिरातीत फार मोठ्याने सांगितली जातात. त्यातलं कामाचं एवढंच: ३०१ जातीचं स्टेनलेस लवचीक असतं, फार जोर पडला तर तुटण्याआधी वाकून सूचना देतं. ४२० जातीचं उष्णतेने कडक केलेलं स्टेनलेस जास्त ताठ असतं, हाताला स्पर्श जास्त स्पष्ट कळतो, पण मर्यादेबाहेर गेलं तर तुकडा पडू शकतो. जास्त कार्बनचं स्प्रिंग पोलादही उत्तम, फक्त त्याला गंज चढतो म्हणून पुसून ठेवावं लागतं. हात शिकलेला नसताना ३०१ माफ करतं. मी तेच सुचवेन.

पोलादापेक्षा धारेचं काम मोलाचं, आणि हे विकत घेताना तपासता येतं. स्वस्तातल्या पिक पत्र्यातून ठोकून काढलेल्या असतात. त्यांच्या एका कडेला बारीक खरखरीत धार उरते. पिकची कड आपल्या नखावरून हलकेच ओढून पाहा. नखावर पांढरी रेघ उमटली किंवा भुकटी निघाली तर ती पिक पिनांवरून सरकण्याऐवजी अडखळत जाणार, आणि ते अडखळणं अडलेल्या पिनसारखंच जाणवणार. म्हणजे हत्यारच हाताला खोटी बातमी देणार. पण अशी पिक फेकून द्यायची गरज नाही. ४०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन कडा गोलसर करायच्या, मग ६००, १००० आणि शेवटी २००० नंबरचा, पाण्यात भिजवून. टोकाचा आकार बदलू द्यायचा नाही, फक्त कडा मोडायच्या. अर्ध्या तासाच्या या कामाने साधी पिक ओळखू येणार नाही इतकी सुधारते.

मुठीबाबत मतं वेगळी आहेत. रबर किंवा जाड प्लॅस्टिकची मूठ हाताला मऊ लागते पण पिनच्या हालचालीची बारीक कंपनं अडवते. नुसता चपटा पोलादी दांडा सगळं कळवतो पण बोटाला रुततो. दोन्ही बाजूंनी धातूची पातळ पट्टी रिव्हेटने बसवलेली मूठ मधला मार्ग आहे. शक्य असेल तर हातात धरून पाहावं. हाताचा आकार सगळ्यांचा सारखा नसतो, इथे दुसऱ्याचं मत फार उपयोगी पडत नाही.

घरी बनवलेली हत्यारं चालतील का?

चालतील, आणि टेन्शन पट्टीच्या बाबतीत तर छान चालतील. गाडीच्या वायपरच्या रबरात ज्या लांब स्टेनलेस पट्ट्या असतात, त्या टाकून दिलेल्या वायपरमधून काढून कापून वाकवल्या की उत्तम टेन्शन पट्ट्या होतात. जगभरचे छंदी लोक त्या वापरतात. पिक बनवणं थोडं जास्त कष्टाचं. हॅकसॉ ब्लेडपासून पिक बनते, पण ब्लेड कडक आणि ठिसूळ असतं, आणि घासताना तापून निळं पडलं की त्या जागी पोलादाचा कडकपणा गेला. म्हणून दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत राहायचं आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय ग्राइंडर सुरू करायचा नाही. केसांच्या पिना आणि कागदाच्या क्लिपा मात्र विसरा. त्यांची तार मऊ असते, एखादं अगदी हलकं कुलूप त्यांनी उघडेलही, पण बोटाला काहीच शिकवणार नाही.

सरावाचं कुलूप हेही हत्यारच

हा भाग बहुतेक जण वगळतात. पिकवर खर्च करतात आणि सरावाला घरातलं पडीक कुलूप उचलतात. ते कुलूप कदाचित गंजलेलं असतं, कदाचित त्यात तीन स्पूल पिना असतात. महिनाभर ते उघडत नाही आणि छंद संपतो.

पारदर्शक प्लॅस्टिकची सरावाची कुलपं मिळतात. आतली रचना एकदा डोळ्यांनी पाहायला ती छान आहेत. त्यांत भोकं सैल असतात आणि पिन बसल्याचं बोटाला नीट जाणवत नाही. ते पाहून उघडता येतं, पण खऱ्या कुलपात पाहता येत नाही. दोन-चार दिवसांत ते बाजूला ठेवावं.

खरा उपयोगी प्रकार म्हणजे खोलता येणारं पितळी कुलूप, ज्यातल्या पिना आपल्याला काढता-घालता येतात. सोबत लागतो तो फॉलोअर, म्हणजे कोरएवढ्याच जाडीचा, साधारण १२ ते १३ मिलिमीटरचा दांडा. किल्ली घालून कोर थोडा फिरवायचा आणि त्यामागून फॉलोअर ढकलत कोर बाहेर काढायचा, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा खाली सांडत नाहीत. एक चिमटा आणि खाचा असलेला ट्रे एवढं असलं की हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावरही होतं. मग आधी एकच पिन ठेवून उघडायचं, नंतर दोन, नंतर तीन. पाचही साध्या पिना जमल्या की एक स्पूल घालायची. एकाच कुलपातून अशी दहा वेगवेगळी कुलपं तयार होतात. माझ्या मते तिसऱ्या पिकच्या आधी फॉलोअर विकत घ्यावा. कुलूप धरायला छोटा व्हाइस असला तर दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मानेवरचा ताणही कमी होतो.

दाराला लावलेल्या, रोज वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही. पिकचं टोक तुटून आत राहू शकतं. काही कुलपांत कोर पूर्ण उलटा फिरवला तर पिना किल्लीच्या फटीत उतरतात आणि कोर तिथेच अडकून बसतो. मग स्वतःच्या घराबाहेर कुलूपदुरुस्तीवाल्याची वाट पाहायची वेळ येते.

पिक गन आणि बम्प की

एका झटक्यात सगळ्या पिनांना धक्का देणारी यंत्रं आणि खास कापलेल्या किल्ल्याही हत्यारांच्या यादीत दिसतात. व्यवसायाने कुलपं उघडणाऱ्यांसाठी त्यांचा अर्थ आहे, कारण त्यांचा वेळ मोजलेला असतो. छंदासाठी त्या घेऊ नयेत. त्या कुलपाची झीज करतात, काही देशांत त्यांच्यावर जास्त कडक नजर असते, आणि त्यातून हाताला काही शिकायला मिळत नाही.

"हे म्हणजे चोरांना शिकवणंच नाही का?"

ही शंका रास्त आहे आणि ती जुनी आहे. १८५१ साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स हा अमेरिकन कुलूपकार आला. त्याने आधी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप उघडलं, अवघ्या २५ मिनिटांच्या आसपास. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये बनवलेल्या या कुलपाची ख्याती अशी की कुणी छेडछाड केली तर आतला एक खटका अडकून मालकाला कळावं. मग हॉब्स वळला इंग्लिश कुलूपकार जोसेफ ब्रामाहच्या कुलपाकडे. ते दुकानाच्या खिडकीत अनेक दशकं ठेवलेलं होतं आणि सोबत पाटी होती: हे उघडणारं हत्यार जो बनवेल त्याला २०० गिनी बक्षीस. हॉब्सला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते उघडलं. इंग्लंडमध्ये गहजब झाला. कुलपांचे दोष असे चारचौघांत मांडावेत का, हा वाद तेव्हाच रंगला, आणि हॉब्सच्या बाजूचं म्हणणं होतं की चोरांना हे आधीच ठाऊक असतं. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा साधा माणूस.

तो युक्तिवाद मला आजही पटतो. उघडलेल्या त्या कुलपांनंतर कारखानदारांना रचना सुधाराव्या लागल्या. दुसरं असं की घरफोडी करणारा कडी उचकटतो, दार फोडतो, खिडकी तोडतो. वाकून, श्वास रोखून, पाच पिना एकेक करून बसवण्याएवढी फुरसत त्याच्याकडे नसते. आणि ज्याने हा छंद लावून घेतला आहे तो दारासाठी कुलूप घेताना आत कोणत्या पिना आहेत ते विचारतो.

छंदी लोकांनीही आपले नियम घालून घेतले आहेत. जर्मनीत १९९७ साली हॅम्बुर्गमध्ये याची एक संघटना उभी राहिली, नेदरलँड्समध्ये 'टूल' नावाची झाली, आणि आता अनेक देशांत गट आहेत. दोन नियम सगळीकडे सांगितले जातात: जे कुलूप आपलं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि जे कुलूप वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही.

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळं. जपानमध्ये २००३ पासून खास कायदा आहे, योग्य कारणाशिवाय अशी हत्यारं जवळ बाळगणंच गुन्हा ठरतं. इंग्लंडमध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्याचं कलम २५ घराबाहेर चोरीच्या हेतूने साधनं बाळगण्याबद्दल आहे, म्हणजे प्रश्न हेतूचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी छंदाला अडचण नाही, पण काही राज्यांत हत्यारं जवळ सापडणं हाच वाईट हेतूचा प्राथमिक पुरावा धरला जातो. म्हणून मागवण्याआधी आपल्या भागातला कायदा वाचून घ्या. पाकिटात मावणारे, क्रेडिट कार्डासारखे छोटे सेट जाहिरातीत आकर्षक दिसतात. ते घेऊ नका. हत्यारं म्हणून ती सुमार असतात, आणि रोज खिशात घेऊन फिरायचं काही कारणच नाही. हत्यारं घरी, सरावाच्या कुलपांच्याच डब्यात ठेवावीत.

दुसरी खरेदी कधी, आणि कशाची

हातातली पिक कुठे कमी पडते हे कुलूपच सांगतं. दांडा फटीच्या भिंतींना घासत असेल आणि शेवटच्या पिनपर्यंत पोचताना आधीच्या पिना आपोआप उचलल्या जात असतील तर पातळ, बारीक दांड्याची हुक घ्यायची. पिन सापडते पण पूर्ण उचलली जात नाही, तर जास्त उंच नाकाची. खोट्या खटक्यावर पट्टी निसटत असेल तर पिक नको, अर्ध्या मापाने जाड अशी टेन्शन पट्टी घ्या.

वेगळ्या जातीच्या कुलपाला हात घालायचा झाला तर आधी त्याची किल्ली पाहावी. चपट्या किल्लीच्या सपाट बाजूवर दात्यांऐवजी खळगे असतील तर ते डिंपल कुलूप; त्याच्या पिना बाजूने उचलाव्या लागतात, म्हणून टोकाला छोट्या झेंड्यासारखी पट्टी असलेली पिक लागते. किल्ली पोकळ नळीसारखी असेल तर गोलाकार मांडलेल्या पिनांसाठी त्याच घेराचं हत्यार लागतं. गोल दांडा आणि शेवटाला चौकोनी पातं अशी किल्ली बहुधा लिव्हर कुलपाची, म्हणजे ज्यात पिनांऐवजी उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या (लिव्हर) असतात. लिव्हरची सुधारलेली रचना रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये आणली. तिथे पिनांचा प्रश्नच येत नाही, हुक आत फिरत राहते आणि काही अडत नाही. त्यासाठी आतल्या आडपट्टीला ताण देणारी एक तार आणि लिव्हर उचलणारी दुसरी, अशी वेगळीच जोडी असते. आणि अर्धगोल किल्ली, तिच्यावर तिरप्या खाचा, असं दिसलं तर ते चकत्यांचं कुलूप. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने १९०७ मध्ये शोधलेल्या या रचनेत स्प्रिंगच नसते. चकत्या फिरवून त्यांच्या खाचा जुळवाव्या लागतात. त्याचं हत्यार महाग असतं, आणि ते घेण्याआधी कुलपात ताण पुढच्या चकतीवर द्यायचा की मागच्या, हे तपासावं लागतं, कारण एका प्रकारचं हत्यार दुसऱ्यात चालत नाही.